घराण्यात कुणाला होतं का

मुलुंड पश्चिम
४ ऑगस्ट २०२५, सोमवार

जयाच्या फोनवर माझा आवाज ऐकलास आणि फोन कापलास. एकदा नाही, तीनदा. मी काय वर्गणी मागत होते का? तिसऱ्यांदा तर जया माझ्याकडं बघेना, भिंतीकडं बघत बसली. शेजारणीसमोर माझी शोभा केलीस. सहा वर्षांत तुझा राग नासला नाही, म्हणजे चांगल्या बरणीत भरून ठेवला असशील.

जय भीम, माधुरी. हे वर लिहायचं राहिलं.

फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी बाई दोन ओळी वाचतेच. त्या दोन ओळींसाठी लिहिते आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षराला हसू नकोस.

शुक्रवारी शिवदास येऊन गेला. तुझा भाऊ म्हणून त्याला चहा दिला. त्यानं मला काही सांगितलं नाही असं मी तुला सांगावं, असं तो जाताना म्हणाला. तर त्यानं मला काही सांगितलं नाही. श्रुतिका दोन महिने कॉलेजला गेलेली नाही, आरशावर टॉवेल टाकते, खालच्या झेरॉक्सच्या दुकानातली माणसं दिवसभर आपल्याबद्दलच बोलतात म्हणते, तुझ्या हातचं जेवत नाही, बंद पुड्यातली बिस्किटं तेवढी खाते, यातलं मला काहीही माहीत नाही. आणि तू तिला अमावस्येला कुठल्याशा महाराजाकडं नेणार आहेस, हेही माहीत नाही.

अमावस्या तेवीस तारखेला आहे, शनिवारी. मी कॅलेंडर बघितलं. तिथी बघायला लागली म्हातारी, असं म्हणू नकोस. गॅस कधी लावला ते लिहायला ठेवलंय ते.

माधुरी, माझ्या नातीला अठरावं लागलंय. तिला डॉक्टरकडं ने. मनाच्या डॉक्टरकडं. महाराजाकडं नेऊ नकोस. हे सांगायला फोन केला होता. एवढंच सांगायचं होतं, तर तुला बोटानं बटण दाबायची घाई.

तू म्हणशील, तुम्ही कोण सांगणार. माझ्या मिथुनच्या उशीच्या खोळीत मला लिंबू सापडलं, टाचण्या टोचलेलं, त्या दिवशी मी तुला काय काय बोलले ते मला पाठ आहे. या घरातून माझ्या सासऱ्यानं देव्हारा काढला आणि तू लिंबू आणतेस, म्हणाले. पोरीचा हात धरलास, पिशवी घेतलीस आणि नाशिकची गाडी धरलीस. मी थांब म्हटलं नाही. आज म्हणेन असंही नाही. माफी मागायला हे पत्र नाही.

इकडं सगळं ठीक. मिथुन बरा आहे, कामाला जातो. मी रोज संध्याकाळी विहारात जाते. वर्षावास चालू आहे, ग्रंथवाचन असतं.

सोनूबाई


१० ऑगस्ट, रविवार

तुझं उत्तर नाही. शिवदास फोनवर म्हणाला, ताईनं पत्र वाचलं आणि मिसरीच्या डब्याखाली ठेवलं. फाडलं नाही म्हणजे माझी अर्धी लढाई झाली.

मिथुन कामाला जात नाही. ते मी खोटं लिहिलं. पवईच्या टॉवरमधलं लिफ्टचं काम तू गेल्यावर चार महिन्यांत सुटलं. लिफ्टच्या खड्ड्यातून कुणी बाई हाक मारते म्हणायचा. सुपरवायझर भला माणूस होता, महिनाभर त्याला वरच्या मजल्यांवरच ठेवलं. पण लिफ्टचा खड्डा खालीच असतो, त्याला तो तरी काय करणार. आता मिथुन घरी असतो. सकाळी नाक्यावरच्या भेळवाल्याची लसूण सोलून देतो. छान सोलतो, एक पाकळी तुटत नाही. मग जेवतो, झोपतो, उठतो, आणि मोरीच्या कोपऱ्यात पाण्याचं पिंप आहे तिकडं तोंड करून बसतो. तिकडं ती असते.

कोण ती, ते तुला ठाऊक आहे. मरीमाय. तुझ्या वेळेला ती नुसती हाक मारायची. नंतर बोलायला लागली, मग हुकूम सोडायला लागली. या घरात आम्ही तिघं राहतो, माधुरी. त्यातली दोघं एकमेकांशी बोलतात. तिसरी स्वयंपाक करते.

तू लिंबू ठेवलंस म्हणून मी तुला घालवली. आणि मग मी काय केलं, ते तुला कुणी सांगितलं नसेल, कारण सांगणारी मीच होते. त्याच डिसेंबरात श्रामणेर शिबिर होतं. दहा दिवस डोकं भादरून, चीवर घालून भंतेजींबरोबर राहायचं. मला वाटलं, याला झालंय काय, तर याचा धम्म कच्चा राहिलाय. कच्च्या मडक्यात काहीही शिरतं. एकदा पक्का भाजून निघाला की ती बाई कशाला येते! भंतेजी म्हणाले, आजी, याची तब्येत बरी दिसत नाही, आधी डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, तब्येतीसाठीच आणलाय. चौथ्या दिवशी दुपारी तो पळाला. चीवर घालून, अनवाणी, हायवेवरून ठाण्याच्या बाजूला, गाड्यांच्या मधून. एका टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला म्हणून तुझी पोर आज बापाची पोर आहे. पोलिसांनी धरून दवाखान्यात नेला. मी शिवदासला बोलावला, तो धावत आला. आणि तिथं पहिल्यांदा कुणी तरी म्हणालं, की आजी, हा आजार आहे. याला नाव आहे, याला गोळी आहे.

तुझा लिंबू देणारा बाबा आणि माझं शिबिर. दोघांनी मिळून माझ्या पोराची तीन वर्षं खाल्ली. तू देव आणलास, मी देव हाकलत बसले. डॉक्टरकडं दोघींपैकी कुणीही गेलं नाही. तू चुकलीस हे मी साऱ्या चाळीला सांगितलं. मी चुकले हे आज तुला सांगते आहे. चाळीला सांगणार नाही.

श्रुतिकाची तीन वर्षं जाऊ देऊ नकोस.

आणि कोण काय बोलतं म्हणाली तर तिला खोटं पाडू नकोस. मारू तर अजिबात नकोस. मी मारलंय. चाळिशीला आलेल्या पोराला, लाटण्यानं. त्यानं हात वर केला नाही, नुसता पिंपाकडं बघून म्हणाला, बघितलंस का.

सोनूबाई


१५ ऑगस्ट, शुक्रवार

काल तू जयाला फोन केलास आणि मला द्यायला सांगितलास. मला वाटलं, सुधारली. तर तू श्वास न घेता बोललीस आणि माझी बोलायची पाळी आल्यावर कापलास. म्हणून पुन्हा पेन.

तू म्हणालीस, माझ्या पोरीला वेड नाही, बाहेरचं झालंय. म्हणालीस, तुम्हाला देव नको, बाबा नको, तुमचा मिथुन काय नुसत्या गोळीवर माणसात आला का? आणखीही एक काही तरी म्हणालीस. ते मला नीट ऐकू आलं नाही. आमच्याकडं रेंज नसते.

गोळीचं विचारलंस त्याचं उत्तर देते. हे मी विहारात कुणाला सांगितलेलं नाही. जयाला थोडं माहीत आहे, कारण तिच्या घरून विरजण आणते.

दोन वर्षांपूर्वी मिथुननं गोळी सोडली. गोळी तोंडात धरून मोरीत थुंकायचा. मला कळायला महिना लागला. तोवर ती बाई घरात पाय पसरून बसली होती.

मी म्हटलं, "गोळी घे."

"ती म्हणते, गोळीत काच आहे."

"तिला म्हणावं, तूच चावून बघ."

थोडा वेळ कोपऱ्याकडं कान दिला आणि म्हणाला, "ती म्हणते, म्हातारीचं तोंड फार चालतं."

"पोतराजाची लेक आहे म्हणावं. आणि विचार तिला, तुला आम्ही सत्तावन साली नदीत सोडली ना? मग मुलुंडला कशी आलीस, बसनं?"

तो हसला. आधी हसला आणि मग इतका घाबरला की डोक्यावर पांघरूण घेऊन मोरीत जाऊन बसला. त्या दिवसापासून भाकरी सोडली. अकरा किलो उतरला.

दवाखान्यात प्रांजल म्हणून मुलगी आहे. डॉक्टर नाही, पण घरच्यांशी तीच बोलते. वयानं श्रुतिकाच्या थोडी पुढं असेल, केस कापलेले. मला म्हणाली, "आजी, तुम्ही त्या आवाजाशी भांडता का?"

मी म्हटलं, "मग काय पाया पडू?"

"पायाही पडू नका, भांडूही नका. आवाज खरा का खोटा ते राहू दे. त्याला वाटणारी भीती खरी आहे ना? त्या भीतीबद्दल विचारा."

मी घरी येऊन विचारलं. "मिथुन, तुला तिची भीती वाटते का रे?" तर म्हणाला, "नाही आई. तिला माझी काळजी वाटते. भीती तुझी वाटते. तू तिला हाकललीस तर मी एकटा पडेन."

ज्या पोराला मी चौदा वर्षं बापाविना वाढवला, तो माझ्यासमोर बसून एकटा पडेन म्हणाला.

मग मी जे केलं ते केलं. आमच्या गावी तिचा निवद दहीभाताचा असायचा. माझी आई करायची तेव्हा मी लहान होते, पण हाताला आठवत होतं. मी ताटलीत दहीभात घेतला, त्याच्या कडेला गोळी ठेवली, ताटली पिंपाजवळ नेली आणि बसले. बुद्धाच्या फोटोकडं पाठ करून बसले, एवढी लाज होती. म्हटलं, "मरीमाय, तुझं माझं पटत नाही. मी तुला मानत नाही, तू मला मानत नाहीस. पण हे पोर दोघींचं आहे असं तूच म्हणतेस. मग अर्धं ओझं तूही उचल. याला गोळी घ्यायला सांग."

ज्या बाईनं बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणून दाखवल्या म्हणून विहारात तिचा सत्कार झाला होता, ती पाण्याच्या पिंपाशी बोलत होती.

मिथुननं पिंपाकडं कान दिला. मग म्हणाला, "ती घे म्हणते." आणि घेतली. भातात कालवून, गिळून, तोंड उघडून दाखवलं.

तेव्हापासून रोज आठला दहीभात आणि गोळी. दोन महिन्यांनी म्हणाला, ती आता लांबून बोलते. मग म्हणाला, कधी कधी बोलतच नाही, नुसती बसते. आता गेल्या महिन्यात म्हणाला, आई, तुझे केस किती पांढरे झाले. मी म्हटलं, सहा वर्षं झाली, आज बघितलेस का? म्हणाला, हो.

आता नीट वाच, माधुरी, नाही तर हे पत्र घेऊन महाराजाकडं पळशील. दहीभातानं तो माणसात आला नाही. दहीभात मी त्याला आधीही करून घालत होते. तेव्हा गोळी नव्हती. दहीभातानं गोळी पोटात गेली, एवढंच दहीभाताचं काम. प्रांजलला मी हे भीत भीत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, गोळी चालू आहे ना, मग आजी, मला दहीही चालेल.

पण मला चालत नाही. म्हणून मी विहारात जाणं सोडलं. रोज जाते म्हणून लिहिलं तेही खोटं. मला कुणी येऊ नको म्हटलेलं नाही. महिला मंडळाच्या बाया दोनदा बोलवायला आल्या. मी गुडघे दुखतात म्हटलं. तोंडानं एक म्हणायचं आणि हातानं दुसरं करायचं, हे आजवर मी दुसऱ्यांना बोलत आले. बुद्धाकडं काही मागायचं नसतं. मी कधी मागितलं नाही. पण मागायची सवय मोडलेली नव्हती, नुसती झाकलेली होती. विहाराचा स्पीकर आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. संध्याकाळी वाचन सुरू झालं की खिडकी लावत नाही, उघडतही नाही. अर्धी ठेवते. कधी वाचणारी चुकते, ओळ गाळते. मला कळतं. पण सांगायला मी तिथं नसते.

सोनूबाई


१९ ऑगस्ट, मंगळवार

रेंज होती.

तू म्हणालीस, "घराण्यात कुणाला होतं का, असं डॉक्टरनं विचारलं तेव्हा तुम्हीच नाही म्हणालात. शिवदासनं कागद बघितलाय. मग माझ्या पोरीला रक्तातून कसं येईल?"

पाच दिवस ते वाक्य घेऊन बसले आहे. पोस्टानं पाठवलं तर शनिवारच्या आत पोचेल का, भरवसा नाही. शिवदास गुरुवारी नाशिकला निघतो आहे, त्याच्या हातात देते. पाकीट चिकटवून देणार आहे. फुटलेलं असलं तर त्याला विचार.

माझ्या बापाची गोष्ट तुला पाठ आहे. लग्न होऊन आलीस त्याच वर्षी धम्मचक्र दिनाला विहाराच्या स्टेजवर ऐकली असशील. माझा बाप गावचा पोतराज. कमरेइतके केस, हातात आसूड, डोक्यावर मरीमायचा देव्हारा. दारोदार हिंडायचा, स्वतःच्या अंगावर फटके मारून घ्यायचा, सूपभर जोंधळे मिळायचे. सत्तावन साली तो चावडीसमोर बसला, न्हाव्याला म्हणाला कापा, आणि केस, आसूड, देव्हारा सगळं दुधना नदीत सोडलं. अख्ख्या वस्तीत पहिला. तिथं टाळ्या पडायच्या. टाळ्यांच्या पुढं मी कधी गेले नाही.

पुढचं हे आहे. देव्हारा गेला, ती गेली नाही. बाप भर उन्हाळ्यात कानाला फडकं बांधून नदीच्या काठी बसायचा. ओठ हलायचे. हात हलायचे. मधूनच अंग आखडून घ्यायचा, कुणी मारतंय तसं. आसूड तर नदीत होता. मी आठ वर्षांची, भाकरी घेऊन जायचे. आई म्हणायची, बाबा वंदना म्हणतात, मधे बोलू नकोस. मी भाकरी ठेवायचे आणि यायचे. वंदना मलाही येत होती. ती वंदना नव्हती.

दोन वर्षांनी तो त्याच नदीत गेला. पोहणारा माणूस, पाणी मांडीपर्यंत. पाय घसरला असं सगळ्यांनी ठरवलं. ज्यानं सगळ्यांना देव सोडायला शिकवलं तो देव परत आणायला पाण्यात उतरला, असं कोण म्हणेल? सवर्णांची आळी टपून बसलेली होती. म्हणाले असते, बघा, देवीचा कोप झाला. मग आईनं तोंड शिवलं, आणि मला शिवायला शिकवलं. ते मी सहासष्ट वर्षं उसवलं नाही. माझं लग्न झालं तेव्हा सांगितलं नाही. तुझ्या बापाकडं मिथुनसाठी तुला मागायला आले, तुझ्या आईनं विचारलं, घरात काही दुखणं वगैरे? मी म्हटलं, काही नाही, सगळे दणकट. डॉक्टरनं विचारलं, घराण्यात कुणाला होतं का? शिवदास शेजारी उभा होता. मी म्हटलं, नाही.

होतं. माझ्या बापाला होतं. मिथुनला आहे. असंच कोपऱ्याकडं बघणं, असाच कान देणं. पहिल्यांदा मिथुन पिंपाकडं वळला, तेव्हाच मी ओळखलं होतं. तुझ्या आधी, डॉक्टरच्या आधी. ओळखलं आणि शिबिरात नेऊन घातलं.

मी सांगितलं असतं तर मिथुनला लवकर गोळी मिळाली असती. नाही तर तू त्याच्याशी लग्नच केलं नसतंस. या दोन्हींचा हक्क तुझा होता, तो मी खाल्ला. याला माफी मागतात. मला मागता येत नाही, सवय नाही. पण ती तुझी माझ्याकडं आहे, एवढं समज.

आणि एक. बाप वेडा होता असं लिहायला हात अडतो. मला वाटायचं, ते सांगितलं तर केस कापले त्याची किंमत जाईल. आता उलटं वाटतं. वस्तीतल्या बाकीच्यांना ती कधी बोललीच नव्हती. न बोलणारा दगड सोडायला काय लागतं? याच्या कानात ती रात्रंदिवस बोलत होती, आणि तरी हा उठला आणि तिला नदीत सोडून आला. सगळ्यांत जड देव्हारा त्याचा होता. त्याला एक गोळी मिळाली असती, तर तो म्हातारा होऊन मेला असता. त्या काळी नव्हती. आता आहे. शनिवारी महाराज की गोळी, ते तुझ्या हातात.

हे पत्र शुक्रवारी डॉक्टरकडं घेऊन जा. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात हा विभाग आहे, प्रांजलनं चौकशी करून सांगितलं, सकाळी लवकर जावं लागतं. तिथं विचारतील, घराण्यात कुणाला होतं का. तिथं हे पान त्यांच्यासमोर ठेव. नाव लिहू देत, सोनूबाईचा बाप, सोनूबाईचा मुलगा. माझं नाव खालीच आहे.

या पत्राला उत्तर पाहिजे. तुझं नको. तू माझ्यावर चार पानं जाळ काढशील, तो मी पुढं कधी तरी बसून ऐकेन, पोटभर काढ. शिवदासचा फोन नको, तो सगळं गोड करून सांगतो. उत्तर श्रुतिकानं लिहावं. कोण बोलतं ते लिहावं. बाई की माणूस, जवळून की लांबून, तिचं नाव घेतात का, काय करायला सांगतात, कशाची भीती वाटते. आजी हसणार नाही, भांडणार नाही, नाही म्हणणार नाही. बापाला मी हे विचारलं नाही आणि मिथुनला विचारायला उशीर केला. तिला आजच विचारते आहे.

तिनं लिहावं, तिनंच पाकीट चिकटवावं. तू आधी वाचायचं नाहीस.

सोनूबाई